चार वाजताची गुणगुण

परक्याच्या भिंतीला कान लावून उभं असताना घराचा मालकच समोर आला, तर काय बोलायचं, हे तेवढं तिला बाबांनी शिकवलं नव्हतं.

बाकी सगळं शिकवलं होतं. तीस वर्षं लोकांच्या घरातले नळ आणि पाइप दुरुस्त करून बाबांचे गुडघे कामातून गेले, तेव्हा त्यांनी हत्यारांची पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "डोळ्यांनी दिसते ती ओल. गळती कानांनी शोधायची." तिचे कान तिखट निघाले. फरशीखाली, भिंतीत, जिन्याच्या पोटात कुठे पाणी झिरपतंय ते ती एका लांब सळईने ऐकायची. सळईचं एक टोक पाइपवर आणि दुसऱ्या टोकाची लाकडी वाटी कानाला. गल्लीबोळांतल्या बायका तिला गळतीताई म्हणत. नाव काही फार गोंडस नव्हतं, पण पोट त्यावरच चालत होतं.

त्या मंगळवारी तिला बोलावलं होतं एका शिंपीणबाईंनी. त्यांचं घर आणि शेजारचं घर पाठीला पाठ लावून उभं होतं आणि दोन्ही घरांचे पाइप भिंतीच्या पायथ्याशी शेजारी शेजारी बाहेर येत होते. दुपारचे चार वाजत होते. आभाळ राखाडी, वारा पडलेला. तिने सळई टेकवली... आणि घाईत टेकवली ती चुकीच्या पाइपवर.

गळतीचे आवाज तिला तोंडपाठ होते. बारीक भोक असेल तर सुर्र येते. जोड सैल असेल तर फुसफुस. पाइप आतून कुजला असेल तर म्हातारा खाकरल्यासारखा आवाज येतो.

हे त्यांतलं काहीच नव्हतं. आत कुणीतरी ओठ मिटून गुणगुणत होतं.

तीन सूर. एकावर एक चढत जाणारे. मग थांबणं... मग पुन्हा तेच तीन.

"काय म्हणतेय भिंत?"

तिने दचकून मान वर केली. दारात एक तरुण उभा होता. मनगटापर्यंत हात पांढरेफटक, केसांवर पांढरी भुकटी, आणि उजव्या हातात खालच्या दातांची अख्खी रांग.

"तुमच्या हातात दात आहेत," ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"माझे नाहीत." त्याने ते तिला नीट दिसतील असे धरले. "एका निवृत्त न्यायाधीशांचे आहेत. परवा नातीच्या लग्नात त्यांना हसायचंय. तीस वर्षांत हसले नाहीत म्हणे, त्यामुळे जरा दडपण आहे माझ्यावर."

तिला हसू आलं, पण कानाची वाटी तिने सोडली नाही. आतली गुणगुण चालूच होती.

"माफ करा, मला शेजारचा पाइप ऐकायचा होता. चुकून तुमच्यावर... म्हणजे तुमच्या पाइपवर ठेवली सळई. घरात कुणी गातंय का?"

त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा एकदम उतरली. तो हळूच खाली पायरीवर बसला.

"तुम्हालाही ऐकू येतंय?"

"येतंय की. का?"

"दोन महिने झाले," तो म्हणाला. "रोज चारला सुरू होतं, पावणेपाचला थांबतं. मी कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, आता जरा विश्रांती घ्या. म्हणजे काय ते कळलं मला." त्याने पांढऱ्या हाताने कपाळ पुसलं आणि कपाळही पांढरं करून घेतलं. "आज पहिल्यांदा वाटतंय की मी वेडा नाही. किंवा मग... आपण दोघं आहोत."

"घरात आणखी कोण असतं?"

"काका. त्यानेच मला वाढवलं. त्याला हे ऐकू येत नाही म्हणतो. शेजारी चमचा पडला तरी जागा होतो. हे एवढंच ऐकू येत नाही."

ती सळई काढून सरळ उभी राहिली. शिंपीणबाई त्यांच्या खिडकीतून दोघांकडे बघत होत्या, आणि बघत नसल्यासारखं दाखवत होत्या.

"उद्या अडीचला येते," ती म्हणाली. "आधी या बाईंचं पाणी बंद करते."

"नक्की याल ना?"

तिने वळून पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या आवाजात एवढंसं काहीतरी होतं. "गळती अर्धी ऐकून मला झोप लागत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा त्याने आधी आपली कवळ्या बनवायची खोली दाखवली. तिन्ही भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे. शेकडो. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. काही आ वासलेले, काही घट्ट मिटलेले, आणि सगळ्यांची तोंडं दाराकडे. ती आत शिरली तेव्हा एवढे सगळे जण आत्ताच बोलता बोलता गप्प झालेत असं तिला वाटलं.

"तुम्हाला इथे भीती नाही वाटत?"

"हे कधी उलटून बोलत नाहीत," तो म्हणाला. "गल्लीत मला दातोबा म्हणतात. तुम्हाला हवं तर तुम्हीही म्हणा."

"मला गळतीताई म्हणतात."

"मग आपलं जमेल."

एवढ्यात मागून काठीचा आवाज आला. काका. उंच, वाकलेला, हाताचे पंजे फावड्याएवढे. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. गल्लीतल्या अर्ध्या भिंती त्याच्याच हातच्या.

"आमच्या घरात गळती नाही," तो म्हणाला. "ओल दाखव कुठे आहे ती. दाखवलीस तर मिशी उतरवीन."

ओल खरंच नव्हती. तिने सगळं घर पालथं घातलं, कोपरा न् कोपरा हाताने चाचपला. सगळं ठणठणीत कोरडं. मग तिने घरातले सगळे नळ बंद करायला लावले आणि बाहेर येऊन मीटरचं झाकण उघडलं. आतलं छोटं लाल चाक हळूहळू फिरत होतं.

"चाक फिरतंय, काका."

"हवा असेल."

"हवा इतक्या इमानाने फिरवत नाही."

काका वळला. आत गेला आणि स्वयंपाकघरामागच्या लांब बोळाच्या टोकाला, भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसला. बोळ तिथे संपत होता. खिडकी नाही, दार नाही. भर दुपारी तिथे दिवा लावावा लागावा असा काळोख, आणि त्यात पांढऱ्या मिशांचा तो म्हातारा. का बसता तिथे, असं तिने विचारलं तेव्हा म्हणाला, "गार वाटतं."

पावणेचार वाजले आणि काका उठला. काठी घेतली, चपला घातल्या, फिरायला निघून गेला.

"रोज याच वेळेला जातो," दातोबा म्हणाला. "दोन महिन्यांत एकदाही चुकला नाही."

त्या रिकाम्या खुर्चीकडे तिने दोनदा पाहिलं.

दिवसभर बारीक येणारं पाणी चार वाजता गल्लीत जोराने सुटलं. पाइप थरथरले. जुन्या घराने आळस द्यावा तशी एक कुरकुर भिंतीभिंतींतून गेली, आणि मग... ते सुरू झालं. सळईची गरजही नव्हती. बोळाच्या टोकाशी उभं राहिलं की नुसत्या कानांना येत होतं. खुर्चीमागच्या भिंतीतून, जमिनीपासून हातभर उंचीवरून.

तिने सळई टेकवली. वाटीला कान लावला. तो शेजारी इतक्या जवळ येऊन उभा राहिला की त्याच्या अंगाचा मेणाचा आणि चुनखडीचा वास तिला आला.

"मलाही," तो कुजबुजला.

वाटी एक, कान दोन. दोघांची डोकी एकमेकांना टेकली. आत कुणीतरी गुणगुणत होतं, सावकाश, कुणाला तरी धीर द्यावा तसं. तीन सूर. थांबणं. तीन सूर.

"पुढचा सूर मला माहीत आहे," तो म्हणाला.

"पुढचा कुठला? तीनच तर आहेत."

"नाही. चौथा आहे. तो खाली येतो." आणि त्याने डोळे मिटून, ओठ न उघडता, एक लांब, खालचा सूर लावला.

भिंत गप्प झाली. एक श्वास घेण्याइतका वेळ. मग तोच सूर, तितकाच लांब, तितकाच खालचा, आतून आला.

तिच्या मानेवर काटा उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो घाबरला नव्हता, तेच तिला जास्त विचित्र वाटलं. घरी परतलेल्या माणसासारखा तो भिंतीकडे बघत होता.

"हे बघा," ती घाईघाईने म्हणाली, कारण बोलत राहणं बरं होतं. "नळातला रबरी वायसर झिजला की पाण्याच्या जोराने तो थरथरतो. मग नळ गातो. जोर कमीजास्त झाला की सूर बदलतो. यात काही... तसं नाही."

"पण नळ कुठे आहे?" त्याने विचारलं. "या भिंतीमागे तर अंगण आहे."

तिने सळई आवरली. तिचे हात बर्फासारखे झाले होते. त्याने ते पाहिलं, आणि काही न विचारता आपल्या दोन्ही तळहातांत धरले. प्लॅस्टर लागेल, असं तो पुटपुटला, पण सोडले नाहीत. तिनेही काढून घेतले नाहीत.

घरी बाबांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "कानाला काय लागलंय पांढरं?"

"प्लॅस्टर."

"भिंतीचं?"

"...नाही."

बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, ते कितीतरी वेळ उलटं होतं.

तिसऱ्या दिवशी ती सकाळीच गेली. दातोबा न्यायाधीशांच्या घरी कवळी बसवायला गेला होता. ती थेट मागच्या अंगणात गेली आणि सांडपाण्याच्या चेंबरचं झाकण उचललं. घरातले सगळे नळ बंद. तरी एका जुन्या पाइपमधून पाण्याची धार येत होती, करंगळीएवढी. तिने बोट लावलं. स्वच्छ, थंडगार. साबण नाही, वास नाही. कुणीही न वापरलेलं पाणी. म्हणून तर घरात ओल नव्हती. पाणी गळत नव्हतंच, वाहून जात होतं.

मग तिने पावलं मोजली. बाहेरून घराची भिंत एकोणीस पावलं भरली. आतून, बोळाच्या टोकापर्यंत, पंधरा. पुन्हा मोजलं. पुन्हा चार पावलं कमीच. बाहेरच्या भिंतीवर तिने हात फिरवला आणि गिलाव्याखाली तिला एक चौकट लागली. कधीकाळी तिथे छोटी खिडकी होती. विटांनी इतकी सफाईने बुजवलेली की डोळ्यांना दिसू नये. असं काम करणारे हात तिला माहीत होते.

"मोजून झालं?"

काका मागे उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

"आत न्हाणीघर आहे ना, काका?"

तो चेंबरच्या कठड्यावर बसला.

"त्याची आई तिथे पडली," तो म्हणाला. "पाय घसरला. आतून कडी. माझा धाकटा भाऊ तर हा जन्मायच्या आधीच गेला होता. घरात ही मायलेकरंच, आणि मी कामावर. आलो तेव्हा तीन तास होऊन गेले होते. दार फोडलं... उपयोग नव्हता. हा चार वर्षांचा. दाराला टेकून बसलेला." त्याने मोठ्या पंजांनी तोंड पुसलं. "पुढचा आठवडाभर हा रोज चार वाजता त्या दाराशी जाऊन बसायचा. 'आई, झालं का?' म्हणायचा. रोज. मग मी नळ घट्ट बंद केला, दार काढलं आणि विटा लावल्या. त्याला सांगितलं, आई तापाने गेली, दवाखान्यात. पोर लहान होतं. विसरलं."

"आणि तुम्ही?"

"मी तिथे खुर्ची ठेवली."

शेजारी शिवणयंत्राची घरघर चालू होती. ती थांबली, तसा काका आणखी हळू आवाजात बोलला. "मुली, चोवीस वर्षं तो नळ गप्प होता. आता काय झालं ठाऊक नाही. तू बाहेरून पाइप काप. पाच मिनिटांचं काम आहे. त्याला सांग, जोड सैल होता."

खरंच पाच मिनिटांचं काम होतं. करवत पिशवीत होती. आवाज थांबला असता, म्हाताऱ्याचं गुपित राहिलं असतं, आणि दातोबाने तिचे आभार मानले असते. पण तिला बोळातला तो चेहरा आठवला. तो चौथा सूर त्याने कुठून आणला, हे त्याला कुणी सांगितलं नाही, तर जन्मभर तो स्वतःच्या डोक्याला घाबरत राहणार होता.

"मला नाही जमणार, काका."

"तुला काय कळतंय—"

"उद्या चारला येते. तोवर तुम्ही त्याला सांगा. नाही सांगितलंत तर मी खरंही बोलणार नाही, ते तुमचं आहे. पण खोटंही नाही बोलणार. पिशवी उचलीन आणि जाईन. परत यायची नाही."

काकाने तिच्याकडे वर पाहिलं. "तुला तर परत यायचंय. दिसतंय मला."

तिचे कान तापले. "म्हणूनच," ती म्हणाली.

ती दुसऱ्या दिवशी आली तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती. आभाळ उतरून गल्लीत आलं होतं. बोळात नेहमीपेक्षा काळोख. दातोबाने दार उघडलं.

"काका आज फिरायला गेला नाही," तो म्हणाला. "सकाळपासून खुर्चीतून उठला नाही. जेवलाही नाही. तुम्हाला काही सापडलं का?"

तिने पिशवी उंबऱ्यावरच ठेवली. आत नेली नाही. बोळाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्याकडे तिने पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"तुम्ही गप्प का आहात?" दातोबाने विचारलं. "सापडलंय ना? सांगा मला."

तिने खाली वाकून पिशवीचा बंद धरला. आयुष्यात तिला कुठलीही पिशवी इतकी जड लागली नव्हती.

गल्लीत पाणी सुटलं. पाइप थरथरले. आणि काकाच्या पाठीमागून ती गुणगुण सुरू झाली.

"मला ऐकू येतं," काका म्हणाला.

दातोबा वळला.

"पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय. तुला वेडा ठरवला मी. आपल्याच पोराला." आणि मग त्याने सगळं सांगितलं. अंगणात सांगितलं होतं त्याच शब्दांत, फक्त या वेळी मधे मधे आवाज फुटत होता.

दातोबा ओरडला नाही. रडलाही नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एवढंच विचारलं, "दार कुठे होतं?"

काका उठला. खुर्ची बाजूला केली. आत जाऊन छिन्नी आणि हातोडा घेऊन आला, आणि चोवीस वर्षांपूर्वी स्वतः लावलेल्या विटांवर त्याने पहिला घाव घातला. गिलावा सोलून निघाला. तिने आणि दातोबाने विटा ओढून काढल्या. हातोड्याचे घाव पडत होते तरी गुणगुण थांबली नाही. एकेका विटेबरोबर ती जवळ येत गेली, आणि भगदाड माणूस जाईल एवढं झालं तेव्हा आतून गार हवा आली. त्या हवेला साबणाचा वास होता. ताज्या साबणाचा.

तिने विजेरी मारली. आंधळा झालेला आरसा. एक तांब्या. लहान मुलाला बसवायचं एक बुटकं स्टूल. भिंतीतून हातभर उंचीवर आलेला नळ, आणि त्याच्या तोंडाला थरथरणारी पाण्याची करंगळीएवढी धार. खालची फरशी गंजाने तांबडी झाली होती. बाकी धूळसुद्धा नव्हती.

दातोबा आत गेला नाही. जिथे दार असायचं तिथेच तो बसला. बाहेरच्या अंगाला, पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, चार वर्षांच्या पोरासारखा. गुणगुण ऐकत राहिला.

"काका," तो म्हणाला, "मी त्या दिवशी रडत होतो का?"

"नाही. तेच तर... मी आलो तेव्हा तू गप्प होतास. मला वाटलं, रडून रडून थकलास. तीन तास एकटा."

"मी एकटा नव्हतो." त्याचा आवाज अगदी साधा होता. "ती आतून गात होती. मी म्हणायचो, 'आई, झालं का?' आणि ती हे गायची. तीन सूर ती, आणि चौथा मी. खेळ होता आमचा. मग ती हळू हळू गायला लागली. मग थांबली. मला वाटलं, झोपली. मी आवाज केला नाही, तिची झोप मोडू नये म्हणून." त्याने मान वर केली. "मला भीती वाटलीच नाही, काका. तिने वाटू दिली नाही."

काका विटांच्या ढिगावर बसला आणि चोवीस वर्षांचं एकदम रडला. दातोबाने उठून त्याचं डोकं पोटाशी धरलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कारण काही गोष्टी गळतीताईने बघायच्या नसतात. पण डोळे तिचेही वाहत होते.

थोड्या वेळाने ती नळापाशी गेली. विजेरी जवळ धरली आणि तिचा हात तिथेच थांबला. वायसर झिजला असेल, हे तिने धरलंच होतं. पण चावी अर्धी उघडी होती.

"काका, तुम्ही नळ बंद केला होता म्हणालात."

"या हातांनी. घट्ट. दोनदा बघितलं."

तिने चावी चाचपली. गंजाने आणि क्षाराने दांडा दगडासारखा झालेला. फिरवायला तिला पान्यावर दोन्ही हातांचा जोर लावावा लागला असता.

"पाण्याच्या हादऱ्याने फिरते कधीकधी चावी," ती म्हणाली. "असं म्हणतात."

'असं म्हणतात' हे तिने मुद्दाम जोडलं. तिने स्वतः असं कधी पाहिलं नव्हतं.

पाना तिने दातोबाच्या हातात दिला. "तुम्ही बंद करा."

तो आत आला, पण लगेच फिरवला नाही त्याने. नळाने तीन सूर घेतले. त्याने चौथा लावला, खालचा, लांब... आणि तो संपता संपता चावी फिरवली. धार बारीक झाली, तुटली, थांबली. घरात इतकी शांतता झाली की पलीकडे शिंपीणबाईंनी दोरा तोडल्याचं ऐकू आलं.

"पाइप कापून टाकू?" तिने विचारलं.

"नको. नवा वायसर घाला," तो म्हणाला. "खिडकी उघडू. दार बसवू. खोली राहू दे."

खिडकी उघडली, दार बसलं, नळ बदलला. काकाने स्वतः चौकट केली. मग काम संपलं, आणि गळती संपली की गळतीताईला त्या घरी जायला कारण उरलं नाही. तिने चारदा जावंसं वाटून चारदा पिशवी खाली ठेवली. ज्या मुलीसमोर माणसाचं सगळं उघडं पडलं, ती त्याला पुन्हा डोळ्यांसमोर हवी असेल का, कोण जाणे. पंधरा दिवस गेले. बाबा वर्तमानपत्राआडून रोज विचारत, "त्या गल्लीत पाणी कसं आहे?" ती म्हणे, "ठीक असेल."

सोळाव्या दिवशी सकाळी ती एका रुंद रस्त्यावर काम करत होती. धुकं इतकं होतं की दहा पावलांवरचा खांब दिसत नव्हता. रस्त्याखालची मोठी वाहिनी कुठेतरी फुटली होती. ती ऐकायला तिच्याजवळ एक यंत्र होतं. जमिनीवर ठेवायचं जड गोल डबडं, त्याची वायर, आणि दोन्ही कान झाकणारे हेडफोन. तिने ते कानांवर चढवले आणि डोळे मिटले.

पाण्याच्या घरघरीत पावलं ऐकू आली. धपधप, थेट तिच्या दिशेने. डबड्याजवळ येऊन थांबली. तिने पापणी किंचित उघडली. पांढऱ्या ठिपक्यांचे बूट.

तिने पापणी पुन्हा मिटली.

"बरं झालं, कान झाकलेत," दातोबा म्हणाला. आवाज जमिनीतून आल्यासारखा, मोठा आणि जवळचा. "समोर उभं राहून म्हणता येत नाही, म्हणून एकदा सराव करतो. मी रोज चार वाजता त्या खोलीत जाऊन बसतो. आता तिथे काही ऐकू येत नाही. पहिले दोन दिवस वाटलं, आईची आठवण येतेय. ती येतेच. पण मग लक्षात आलं, मी दाराकडे बघतोय. तुम्ही पिशवी घेऊन याल म्हणून." बूट जरा हलले. "काका म्हणतो, त्या मुलीने माझ्याशी खोटं बोलायला नकार दिला, तिला सोडलंस तर तू खरंच वेडा. तर... काय म्हणायचं होतं... मला तुमच्याबरोबर—"

घंटी वाजवत एक सायकल धुक्यातून गेली.

"—असं आहे," तो म्हणाला. "आता तुम्ही डोळे उघडलेत की नीट सांगतो."

तिने डोळे उघडले. ओठ दाताखाली धरून ठेवले होते, ते सोडले.

"शेवटचं परत म्हण," ती म्हणाली. "मधे सायकल गेली."

तो भिंतीसारखा पांढरा झाला, मग कानापर्यंत लाल. "तुम्हाला ऐकू येत होतं?"

"या डबड्याला मुंगी चालली तरी कळतं. आणि तू त्याच्या डोक्यावरच उभा आहेस."

त्याने पायाखाली पाहिलं. एक पाऊल मागे सरकला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, दोन पावलं पुढे आला. तिने हेडफोन काढून गळ्यात सोडले. धुक्यात रस्ता, खांब, घरं सगळं बुडालं होतं. फक्त तो होता, आणि केसांवर पांढरी भुकटी.

"मला तुझ्याबरोबर म्हातारं व्हायचंय," तो म्हणाला. "कवळी मी स्वतः बनवीन."

"आधी दात तर पडू देत."

"थांबतो," तो म्हणाला, आणि खरोखरच तिच्या शेजारी, रस्त्याच्या कडेला, बसला.